वर्गातल्या एका मुलीला टीबी होतो तेव्हा

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आरोग्याचा विषय निघाला की आपण संघटनेतल्या बायका गर्भलिंगचिकित्सा, गर्भनिरोधकं, बाळंतपणातले मृत्यू यांवर तासन्‌तास बोलू शकतो. ते लढे आपण लढलो आहोत. टीबी मात्र आपल्या यादीत कधी नीट आलाच नाही. तो सरकारी दवाखान्याचा विषय, फार तर दारू पिणाऱ्या नवऱ्यांचा, असं आपल्या मनात कुठंतरी बसलेलं आहे. म्हणूनच 'शाळेतली टीबीची तपासणी' असा विषय मी सुचवला तेव्हा दोघीतिघींनी विचारलं, "यात बाईचा प्रश्न कुठं आला?" आज मी तेवढंच सांगणार आहे.

आकडे थोडेच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसं टीबीनं आजारी पडली आणि साडेबारा लाख दगावली. आजारी पडलेल्या दर चौघांमागे एक भारतातला. शंभर रुग्णांत ५५ पुरुष, ३३ बाया आणि १२ मुलं. म्हणजे पुरुषांचा आजार म्हणणाऱ्यांना आधार मिळाल्यासारखं वाटतं. पण वयाप्रमाणे बघत गेलं की चित्र बदलतं. दहा ते एकोणीस या वयात आपल्या देशातल्या अनेक ठिकाणच्या नोंदींत मुलांपेक्षा मुलीच जास्त दिसतात. त्याची कारणं तज्ज्ञ शोधतील. आपल्याला एवढं ठाऊक आहे की वाढीच्या वयात मुलीच्या ताटात शेवटची भाकरी येते आणि घरात कुणी खोकत पडलं तर त्याच्या उशाशी बसायला मुलीलाच पाठवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. याच मुली नववी-दहावीच्या वर्गात एका बाकावर तिघी बसतात.

आता अनुभव सांगते. शाळेचं नाव घेणार नाही, मुलीचं तर नाहीच. उत्तर नागपुरातली एक अनुदानित शाळा, नववीचा वर्ग, पन्नासेक मुलंमुली. एक मुलगी राखीपासून खोकत होती. घराजवळच्या डॉक्टरांनी तीन वेळा खोकल्याचं औषध बदलून दिलं. दिवाळीनंतर ती वाळायला लागली, संध्याकाळी अंग गरम व्हायला लागलं, तेव्हा आईनं तिला मेडिकलला नेलं. थुंकीची तपासणी झाली, फुप्फुसाचा टीबी निघाला, औषध सुरू झालं. इथपर्यंत सगळं रीतसर झालं. कार्यक्रमाचे कर्मचारी घरी आले, आई, आजी, दोघं भाऊ यांना तपासलं, कुणाला काही निघालं नाही. कागद पुरा झाला.

शाळेत मात्र कुणीच गेलं नाही. याचा राग मी एकट्या कर्मचाऱ्यावर काढत नाही, कारण घोळ रचनेत आहे. केंद्र सरकारनं २०२१ साली टीबीच्या प्रतिबंधक उपचारांच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याआधी प्रतिबंधक गोळ्या मुख्यतः एचआयव्ही असलेल्यांना आणि रुग्णाच्या घरातल्या अगदी लहान मुलांना मिळत. आता फुप्फुसाच्या टीबीच्या रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांचाच विचार होतो. चांगली गोष्ट आहे. त्याच सूचनांत 'निकटचा संपर्क' अशीही एक व्याख्या आहे: घरातला नाही, पण उपचार सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत ज्यानं रुग्णाबरोबर बंद जागेत दिवसाचा बराच वेळ काढला तो. शाळेच्या वर्गाला ही व्याख्या जशीच्या तशी लागू पडते. सकाळी अकरा ते पाच, आठवड्याचे सहा दिवस. पण प्रत्यक्ष काम घराच्या उंबरठ्याशी थांबतं, कारण रुग्णाच्या कागदावर पत्ता घराचा असतो. वर्गाला पत्ता नसतो.

मग झालं असं, की दोन आठवडे कुणालाच काही माहीत नव्हतं आणि एका दिवसात सगळ्यांना माहीत झालं. कुणाच्या तरी काकानं तिला औषधाच्या खिडकीशी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत. "त्या पोरीले काढा, न्हाई तं आमच्या पोरायची टीसी द्या." तिचं बाक बाहेर व्हरांड्यात ठेवलं गेलं. पाण्याच्या टाकीजवळचा पेला धुतला नाही, फेकून दिला. खरं तर पेल्यानं, ताटानं, डब्यानं टीबी होत नाही. तो हवेतून होतो. पण हवा फेकता येत नाही, पेला फेकता येतो.

एक गंमत सांगते. नागपुरात रिक्षात बसून 'टी.बी. वॉर्ड' म्हणा, रिक्षावाला न विचारता बरोबर नेऊन सोडतो. तो आता नुसता पत्ता झालेला आहे, कुणी दचकत नाही. आणि २४ मार्चला, रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये या जंतूचा शोध जाहीर केला त्या दिवशी, याच शाळेत जागतिक क्षयरोगदिनाची रांगोळी निघते, मुली हातात फलक धरून फेरी काढतात. फलकावर चालणारा शब्द मुलीच्या नावापुढे लागला की बाक व्हरांड्यात जातं.

आई आमच्याकडे आली ती मदत मागायला नाही, गप्प राहा म्हणायला. "मॅडम, पोरीची दवाई चालू हाय, ते खाते. पन तुम्ही शाळेत जाऊ नका जी. दोन-चार वर्सांनी पोरगा पाहाले जाऊ तं लोक हेच काढतीन." तिच्या मनात आणखी एक भीती होती, ती तिनं तिसऱ्या भेटीत सांगितली: टीबी झालेल्या पोरीला मूल होत नाही. हा गैरसमज कुठून येतो ते समजून घ्या. गर्भाशयाच्या किंवा बीजनलिकांच्या टीबीमुळे वंध्यत्व येऊ शकतं, हे खरं आहे. पण तो वेगळ्या अवयवाचा आजार. फुप्फुसाचा टीबी सहा महिन्यांच्या औषधानं बरा झालेल्या बायांना मुलं होतात. लोकांनी दोन्हीची मोट बांधून टाकली आहे.

तर वर्गाची तपासणी करायची की नाही? माझं मत स्पष्ट आहे: करायची. मुलीची बदनामी होईल म्हणून वर्ग तपासू नका, असं आपल्यातल्याही काही जणी म्हणतात. मला ते पटत नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात २००१ साली काय झालं ते ऐका. क्राऊन हिल्स नावाची शाळा, बहुतेक विद्यार्थी आपल्याकडच्याच, दक्षिण आशियाई घरांतले. एक विद्यार्थी कित्येक महिने खोकत होता, निदान झालंच नव्हतं. शाळा तपासायला घेतली तेव्हा पन्नासावर मुलं आजारी निघाली आणि शेकडो मुलांच्या शरीरात जंतू शिरलेला आढळला. ज्यांनी त्याच्याबरोबर जास्त तास एका खोलीत काढले होते त्यांच्यात लागण जास्त होती. रक्ताच्या नव्या तपासणीची मोठी परीक्षा तिथंच झाली. त्या देशात हे घडतं, तर आपल्या वर्गात, जिथं थंडीत खिडक्या पुठ्ठे लावून बंद करतात, तिथं काय होत असेल?

पण ही तपासणी म्हणजे नेमकं काय, हे आधी आयांना सांगावं लागतं. आम्ही आयांची सभा घेतली; बाप बोलावले होते, चारच आले. पहिला प्रश्न आला, "लहानपणी टोचलं होतं ना, मग कसा होते टीबी?" दंडावरचा बीसीजीचा वण दाखवत होत्या. बीसीजी लहान बाळाला मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते, पण मोठेपणी होणारा फुप्फुसाचा टीबी ती रोखत नाही. हे आपल्याच देशात, तामिळनाडूतल्या चेंगलपट्टूच्या मोठ्या प्रयोगात दिसून आलं. १९६८ साली तो सुरू झाला होता.

दुसरी गोष्ट समजायला जास्त अवघड आहे. शरीरात जंतू शिरणं वेगळं आणि आजारी पडणं वेगळं. जंतू शिरलेल्या दहा जणांतले नऊ जण जन्मभर आजारी पडत नाहीत. जो पडतो, तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून वर्गात दोन शोध घ्यायचे असतात. आज कोण आजारी आहे हा एक. त्यासाठी दोन आठवड्यांवरचा खोकला, ताप, वजन घटणं किंवा वाढत्या वयात न वाढणं, मानेतल्या गाठी यांची विचारपूस, मग छातीचा फोटो आणि थुंकी. आणि कुणाच्या शरीरात जंतू नुकताच शिरलाय हा दुसरा. त्यासाठी हातावर टोचायची मॉन्टू टेस्ट किंवा रक्ताची तपासणी. आमच्या वर्गात मॉन्टू केली. तिचं औषध मिळवायलाच पळापळ झाली.

या टेस्टचा वार ठरवणं हेही काम आहे, कुणी हसू नका. टोचल्यावर ४८ ते ७२ तासांत हात वाचावा लागतो. शुक्रवारी टोचलं तर रविवारी शाळा बंद. म्हणून सोमवारी टोचायचं, बुधवारी-गुरुवारी वाचायचं. आणि वाचायचं म्हणजे लाली नाही, कडक झालेला भाग मिलिमीटरमध्ये मोजायचा. दहा किंवा जास्त असेल तर लागण धरतात. बुधवारी मधल्या सुट्टीपर्यंत पोरांनी कंपासपेटीतल्या पट्ट्या काढून एकमेकांचे हात मोजून टाकले होते. कोण 'पास' कोण 'नापास' याची यादीच झाली. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला 'गोपनीयता' शिकवतात. ती एका माणसाच्या फाइलबद्दल असते. पन्नास हातांची गोपनीयता कशी राखायची, हे तिथं शिकावं लागलं. थंडी होती म्हणून बरं. सगळ्यांनी स्वेटर घालून यायचं ठरलं, हात वाचायचं काम ग्रंथालयाच्या खोलीत एकेकाला बोलावून झालं आणि प्रत्येकाला, निकाल काहीही असो, सारखंच बंद पाकीट दिलं. पाकीट सगळ्यांना मिळालं पाहिजे. फक्त लागण झालेल्यांना चिठ्ठी द्याल तर ती चिठ्ठीच जाहिरात होते.

छातीच्या फोटोचं तर आपणच बोललं पाहिजे, दुसरं कुणी बोलणार नाही. चौदा वर्षांच्या मुलीला फोटो काढणारा पुरुष सांगतो, गळ्यातलं काढ, आतले हूक काढ. ती काढत नाही, फोटो नीट येत नाही, मग 'सहकार्य करत नाही' असा शेरा. आम्ही अट घातली की सोबत बाई असेल आणि अंगावर घालायला बंद गळ्याचा, बिनहुकाचा सुती झगा असेल. आमच्या दोन कार्यकर्त्यांनी एका संध्याकाळी सहा झगे शिवले. तेवढ्यानं काम झालं.

निकाल सांगते. एक मुलगा आजारी निघाला. तो तिच्या बाकाजवळचा नव्हता, खिडकीपाशी बसणारा, अबोल. त्याच्या खोकल्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं, कारण सगळ्यांच्या नजरा तिच्या बाकाभोवती होत्या. त्याचं औषध लगेच सुरू झालं. बाकी काही मुलामुलींच्या हाताला सूज होती, फोटो स्वच्छ. त्यांना प्रतिबंधक गोळ्या घ्यायला सांगितल्या. आठवड्याला एकदा अशा बारा मात्रांचा तीन महिन्यांचा उपचार आता आहे, नाहीतर रोज एक गोळी सहा महिने. इथं आया अडल्या. "माह्या पोट्टीले काही झालंच नाही तं गोया काहून खायच्या?" प्रश्न अगदी बरोबर आहे. निरोगी माणसानं औषध का घ्यावं हे समजावून न सांगता जो गोळ्या वाटतो, त्याच्या गोळ्या गटारात जातात. आणि लघवी केशरी होते हे आधी सांगा. एका मुलीची आई ते पाहून इतकी घाबरली की तिनं दोन आठवडे गोळ्या लपवून ठेवल्या. तिला ते पाळीचं काहीतरी बिघडलंय असं वाटलं.

एक विचित्र गोष्ट नोंदवते. गोळ्या सांगितलेल्या मुलांच्या घरी फार वाद झाला नाही. मुलींच्या घरी झाला. "गोळ्या खाते म्हणजे रोगी आहे" हे मुलीच्या बाबतीत चटकन ठरतं. एका घरी तर मोठ्या बहिणीचं लग्न ठरत होतं, म्हणून धाकटीच्या गोळ्या पाहुणे येऊन जाईपर्यंत थांबवल्या.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. आतापर्यंत सगळे एकच विचारत होते, या मुलीनं कुणाकुणाला दिला? तिला कुणी दिला, हे कुणीच विचारत नव्हतं. लहान मुलं टीबी सहसा पसरवत नाहीत. त्यांच्या खोकल्यात जंतू कमी असतात. तेरा-चौदापासून पुढं मोठ्यांसारखा आजार होऊ शकतो, तो पसरतो. पण त्या मुलीनंही तो आभाळातून आणलेला नसतो. शाळेतलं मूल आजारी पडणं ही आसपास एखादं मोठं माणूस निदानाशिवाय खोकतंय याची खूण असते. घरात कुणी नाही निघालं तर मोठी माणसं आणखी कुठं आहेत? शाळेत आहेत. शिक्षक, शिपाई, पोषण आहार शिजवणाऱ्या बाया, मुलांना कोंबून नेणारा ऑटोवाला.

आम्ही म्हटलं, मोठ्यांनाही तपासा. शिक्षकांच्या खोलीत शांतता पसरली. मग एक सर म्हणाले, "आम्ही काय रुग्ण आहोत?" मुलांच्या तपासणीचं पत्रक याच सरांनी सुंदर अक्षरात फळ्यावर लिहिलं होतं. सक्ती करता येत नाही, हे मलाही मान्य आहे. पण सक्ती कुणावर होते ते पाहा. शिक्षकांचा विचार चालू असताना पोषण आहार शिजवणाऱ्या दोघी बायांना मात्र कुणी विचारलंही नाही, सरळ रांगेत उभं केलं. त्यांतल्या एकीच्या फोटोत जुना डाग दिसला. जुना म्हणजे कधीकाळी होऊन भरलेला असू शकतो. थुंकी तपासल्याशिवाय काही म्हणता येत नाही. पण "सर्टिफिकेट आणेपर्यंत येऊ नको" असं तिला त्याच दुपारी सांगण्यात आलं. तुटपुंजं मानधन, आजारपणाची रजा नाही. तिची थुंकी स्वच्छ आली. तोवर तिच्या जागी दुसरी बाई लागली होती, आणि कामावर परत घ्यायला आम्हाला तीन चकरा माराव्या लागल्या. शिक्षक आजारी पडला तर त्याला पगारी रजा आहे. ही बाई आजारी नसतानाही घरी बसली. यापुढं कुठल्याही शाळेत मोठ्यांची तपासणी मागताना तिथल्या मानधनावरच्या बायांचं काम जाणार नाही, हे आधी लेखी घ्या. नाहीतर आपल्या मागणीचा फास त्यांच्याच गळ्याला बसेल.

मुख्याध्यापिका स्वतः आधी गेल्या, तेव्हा शिक्षक गेले. त्यांच्यात काही निघालं नाही. शेवटी सापडलं ते मुलीनंच सांगितलं म्हणून. संध्याकाळी ती शिकवणीला जात असे. जिन्याखालची एक खोली, एक ट्यूबलाइट, खिडकी नाही, दहा-बारा मुलं जमिनीवर. शिकवणारा माणूस वर्षभर खोकत होता आणि सिगारेटचा खोकला म्हणून अंगावर काढत होता. त्याची तपासणी झाली, औषध सुरू झालं. आमचा तो अबोल मुलगाही त्याच शिकवणीला जात होता. म्हणजे तिनं त्याला दिला हे जे सगळ्यांनी धरून चाललं होतं, तेही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. दोघांनाही कदाचित एकाच ठिकाणाहून मिळाला असेल. आता त्या शिकवणीतल्या बाकी मुलांचं काम चालू आहे. ती चार वेगवेगळ्या शाळांतली आहेत.

मुलीला शाळेत परत आणायला दीड महिना लागला. वैद्यकीय अडचण काहीच नव्हती. साध्या, औषधाला दाद देणाऱ्या टीबीत नीट औषध सुरू झालं की पहिल्या दोनेक आठवड्यांत पसरण्याचा धोका खूप कमी होतो. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. हे ज्ञान नवं नाही आणि परदेशीही नाही. १९५६ साली मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांत राहू देऊन औषध दिलं. घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात लागण जास्त झाली नाही. त्या निष्कर्षानंतर जगभर टीबीच्या रुग्णांना कोंडून ठेवणं मागं पडत गेलं. आपण मात्र अजून बाक व्हरांड्यात ठेवतो.

कायद्याचं एक सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणी शिक्षणहक्क कायद्यावर भिस्त ठेवतात. २००९ च्या त्या कायद्याच्या सोळाव्या कलमानं शाळेतून काढून टाकायला बंदी आहे, पण ती प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत. आमची मुलगी नववीत. ज्या वयात मुलींना टीबी गाठतो, नेमकं त्याच वयात हे संरक्षण संपतं. शिवाय तिला कुणी काढलंच नव्हतं. 'बरी झाली की ये' म्हणाले होते. असं गोड बोलून मुली शाळेतून जातात, त्याची नोंद 'गळती' अशी होते. आम्ही डॉक्टरांचं पत्र, मुख्याध्यापिका आणि तीन आया असं घेऊन बसलो. ज्या आयांनी गोळ्यांचा प्रश्न विचारला होता, त्यांतलीच एक त्या दिवशी बोलली, "माह्या पोट्टीच्या हातालेही सूज होती, मंग तिलेही काढता का?" माझ्या सगळ्या मांडणीपेक्षा ते वाक्य कामी आलं.

खाण्याचं राहिलं. टीबीच्या रुग्णाला सरकार पोषणासाठी पैसे देतं. २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ते खात्यात येतात. खातं कुणाचं, हे विचारा. या मुलीचे पैसे बापाच्या खात्यात जात होते आणि ती डाळभातच खात होती. आम्ही आई आणि मुलीचं जोडखातं काढून दिलं, त्याला आधार कार्डावरच्या नावातल्या एका वेलांटीमुळे तीन आठवडे लागले. अन्नाचं महत्त्व मी भावनेनं सांगत नाही. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात रुग्णांच्या घरच्यांना जादा धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वं देऊन पाहिली; त्या घरांत नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी कमी झालं. ही माहिती शिधावाटपाच्या मोर्च्यात वापरण्याजोगी आहे.

एक काम अजून पुरं झालेलं नाही, ते सांगते आणि थांबते. जंतू शिरल्यापासून मॉन्टूचा हात फुगायला आठ-दहा आठवडे लागू शकतात. म्हणजे डिसेंबरमध्ये ज्यांचा हात साफ होता, त्यांना फेब्रुवारीत पुन्हा टोचायला हवं होतं. तोवर सगळ्यांचा उत्साह ओसरला होता, परीक्षा जवळ आली होती. तरी मागं लागून जवळजवळ सगळ्यांचं केलं. दोन मुली राहिल्या. एक आजोळी गेली होती, ती गेल्या आठवड्यात आली. दुसरी आईबापांबरोबर भंडाऱ्याकडे वीटभट्टीवर गेली आहे. शाळेच्या हजेरीपटावर तिच्यापुढं नुसती गैरहजेरी लागते आहे. पाऊस पडेपर्यंत भट्टी चालेल. भंडाऱ्याच्या मैत्रिणी इथं आल्या आहेत. चहाच्या सुट्टीत मला भेटा, ठेकेदाराचं गाव माझ्याजवळ लिहिलेलं आहे. मुलीचं नाव तुमच्यातल्या एकीलाच सांगेन.